‘एस्किमों’चा पाठ शिकविताना

प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गातील कोणत्याही मुलास, ‘अतिशय थंड प्रदेशात कोण राहते?’ असा प्रश्न करावा. ‘एस्किमो’ हे उत्तर तत्काळ मिळते. आणखी विचारल्यास मुले सांगतात की, हे लोक बर्फाच्या घरात राहतात, कातडी पांघरतात, कच्चे मांस खातात, कुत्र्यांच्या गाडीतून फिरतात आणि त्यांच्याकडे सहा महिने दिवस व सहा महिने रात्र असते. एखादा चौकस विद्यार्थी त्यात पेंग्विन पक्ष्याचीही भर घालतो. ही उत्तरे मुलांच्या तोंडी इतकी बसलेली असतात की, ती ऐकून शिक्षकासही पाठ चांगला झाल्याचे समाधान वाटावे. वस्तुतः यातील काही गोष्टी सपशेल चुकीच्या आहेत, काही अर्धवट खऱ्या आहेत, आणि ज्या एके काळी खऱ्या होत्या त्यांतील बहुतेक आता राहिलेल्या नाहीत. म्हणून हा पाठ घेणाऱ्या शिक्षकबंधुभगिनींसाठी त्या प्रदेशाची थोडी विस्ताराने माहिती येथे देत आहोत.

प्रथम नावाचा विचार करू. ‘एस्किमो’ हे नाव त्या लोकांनी स्वतःस घेतलेले नाही. ते इतरांनी दिलेले आहे. ते स्वतःस ‘इन्युइट’ म्हणवितात. त्यांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ केवळ ‘माणसे’ असा आहे. एक व्यक्ती असेल तर ‘इनुक’. जुने नाव आता त्यांच्यातील पुष्कळांस अपमानास्पद वाटते. तेव्हा पाठाच्या आरंभी फळ्यावर ‘इन्युइट’ हा शब्द लिहावा आणि पुस्तकात वा तक्त्यावर जुना शब्द आढळल्यास त्याचा खुलासा करावा. या लोकांची वस्ती ग्रीनलंड, कॅनडाचा उत्तर भाग व अलास्का अशी फार दूरवर पसरलेली आहे आणि सर्वत्र त्यांचे जीवन सारखे नाही. आपण येथे कॅनडातील नुनावुत या प्रदेशाचे उदाहरण घेऊ.

नुनावुत म्हणजे ‘आपली भूमी’. १ एप्रिल १९९९ रोजी हा स्वतंत्र प्रशासकीय प्रदेश म्हणून अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या सहापटींहून अधिक आहे; आणि लोकसंख्या २०२१ च्या गणनेप्रमाणे ३६,८५८. आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावात मावतील एवढी माणसे सहा महाराष्ट्रांएवढ्या भूमीवर पंचवीस वस्त्यांतून राहतात. यांपैकी कोणत्याही दोन वस्त्यांस जोडणारा रस्ता नाही. मुलांस हा मुद्दा समजला की पुढील पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

आता बर्फाच्या घराविषयी. इंग्रजी मुळाक्षरांच्या तक्त्यावर ‘आय’ या अक्षरापुढे बहुधा इग्लूचे चित्र असते. त्यावरून मुलांचा असा समज होतो की, हे लोक बाराही महिने बर्फाच्या विटांच्या घरात राहत असत व आजही राहतात. त्यांच्या भाषेत ‘इग्लू’ म्हणजे घर, मग ते कशाचेही असो. हिमाची घुमटाकार घरे मुख्यत्वे कॅनडाच्या मध्यभागातील इन्युइट लोक हिवाळ्यात बांधीत. ग्रीनलंडमध्ये दगडमातीची व गवताळ ढेकळांची घरे होती. उन्हाळ्यात सर्वत्र कातड्याचे तंबू असत. शिवाय हे घर बर्फाचे नसून हिमाचे असे. पाणी गोठून होणारे टणक बर्फ निराळे आणि आकाशातून पडलेले, वाऱ्याने दाबून घट्ट झालेले भुसभुशीत हिम निराळे. हा भेद मुलांस अवश्य समजावून द्यावा, कारण त्यातच या घराचे सारे मर्म आहे. हिमाच्या कणांमध्ये हवा कोंडलेली असते, आणि कोंडलेली हवा उष्णतेस सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. आपली गोधडी ऊब देते ती याच कारणाने. घराचे प्रवेशद्वार जमिनीलगत, बोगद्यासारखे खोल असे आणि झोपण्याचा ओटा त्याहून उंच. थंड हवा जड असल्यामुळे खाली साठे आणि माणसाच्या अंगची व दिव्याची ऊब वर राही. दिवा मऊ दगड कोरून केलेला, त्यात सीलच्या चरबीचे तेल आणि वात शेवाळाची. लाकूड व लोखंड दुर्मिळ असलेल्या भूमीत एक सुरी आणि पायाखालचे हिम एवढ्या साहित्यावर जाणता मनुष्य तास-दोन तासांत हे घर उभे करी. ज्यास आपण रानटीपणाची खूण समजत आलो, ते उष्णतेच्या शास्त्राचे उत्कृष्ट उपयोजन होते. आजही दूर शिकारीस गेलेले काही लोक प्रसंगी असा निवारा बांधतात आणि मुलांना ही विद्या शिकविली जाते. परंतु त्यात नित्य राहत कोणी नाही.

१९५० ते १९७० या काळात बहुतेक इन्युइट कुटुंबे भटके जीवन सोडून स्थिर वस्त्यांत आली. आजची घरे लाकडी असून ती खांबांवर, जमिनीपासून उचलून बांधलेली असतात. याचे कारण विचारण्याजोगे आहे. तेथील जमीन वर्षानुवर्षे गोठलेलीच असते. उन्हाळ्यात वरचा पातळ थर तेवढा वितळतो. घर सरळ जमिनीवर टेकविले तर घरातील उष्णतेने खालची जमीन वितळून घर खचू लागते. म्हणून खालून थंड वारा खेळता ठेवावा लागतो. याच गोठलेल्या जमिनीमुळे पाण्याचे नळ पुरणे कठीण. बहुतेक वस्त्यांतून पाणी टँकरने घरोघरी पोचविले जाते, प्रत्येक घरात टाकी असते, आणि सांडपाण्याची टाकी उपसून नेण्यास दुसरी गाडी येते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या गावांतील मुलांस ही गोष्ट समजण्यास वेळ लागणार नाही. मात्र तेथे गाडी वादळामुळे येत नाही, हा फरक. वीज डिझेलच्या यंत्रांवर निर्माण होते, घरे तेल जाळून उबदार ठेवितात, आणि कुत्र्यांच्या गाडीची जागा बहुतांशी बर्फावर धावणाऱ्या मोटारगाडीने घेतली आहे.

‘सहा महिने दिवस व सहा महिने रात्र’ हे वाक्य आपल्याकडे फार जुने आहे. देवांचा एक दिवस म्हणजे माणसांचे सहा महिने, ही कल्पना घरोघर परिचित आहे. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात वेदांतील दीर्घ उषःकालाचा संबंध उत्तर ध्रुवाकडील प्रदेशाशी जोडला, तेव्हापासून तर सुशिक्षितांतही ती रुजली. परंतु ती खरी आहे केवळ ध्रुवबिंदूवर, आणि तेथे कोणाचीही वस्ती नाही. नुनावुतची राजधानी इकालुइत ही ध्रुववृत्ताच्याही दक्षिणेस, सुमारे ६३ अंश ४५ मिनिटे अक्षांशावर आहे. तेथे भर डिसेंबरातही रोज सूर्य उगवतो, जरी तो चार-साडेचार तासांत मावळतो. जसजसे उत्तरेस जावे तसतशी सूर्य न दिसण्याची मुदत वाढते. अगदी उत्तरेकडील ग्रीज फिओर्ड या लहान वस्तीत नोव्हेंबरच्या आरंभापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्यदर्शन होत नाही. तथापि ही रात्र म्हणजे कोंडलेला काळोख नव्हे. या काळाच्या आरंभी व अखेरीस दुपारच्या सुमारास क्षितिजावर संधिप्रकाश पसरतो, आणि हिवाळ्यातील पौर्णिमेच्या सुमारास चंद्र तर कित्येक दिवस मावळतच नाही. शाळेत पृथ्वीचा गोल नसल्यास एखादे मोठे लिंबू व मेणबत्ती यांवर हे दाखविता येईल: लिंबात तिरपी काडी खोचावी, ध्रुवाजवळ एक व त्याहून थोडी खाली एक अशा दोन टाचण्या लावाव्या, आणि लिंबू फिरविताना कोणती टाचणी प्रकाशात येते व कोणती येत नाही हे मुलांसच पाहू द्यावे.

हवेविषयीही असाच अतिरेक आढळतो. इकालुइत येथे जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली २७ अंशांच्या आसपास असते हे खरे. पण जुलैत ते शून्याच्या वर आठ अंशांपर्यंत येते, खुरटी रानफुले फुलतात, बोरांसारखी लहान फळे वेचावयास मुले-बायका बाहेर पडतात आणि डासांचा उपद्रव असह्य होतो. झाड मात्र दृष्टीस पडत नाही. हिमवर्षाव सारखा चालूच असतो असेही नाही. रिझोल्यूट या उत्तरेकडील ठिकाणी सबंध वर्षात पडणारे हिम व पाऊस मिळून पाणी पावणेदोनशे मिलिमीटरही भरत नाही. आपल्या माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात याहून कितीतरी अधिक पाऊस पडतो. पडलेले हिम वितळत नाही, एवढेच. आणि हिवाळा हा घरात कोंडून घालणारा ऋतू, ही कल्पनाही उलटी आहे. हिवाळ्यात समुद्र गोठतो व तोच रस्ता होतो. शिकारीस, पाहुण्यांकडे, दूरच्या मासेमारीस त्यावरून जाता येते. अडचण होते ती समुद्र गोठत असताना आणि वितळत असताना, कारण तेव्हा होडीही चालत नाही व गाडीही चालत नाही. ओढ्याला पूर आला की वाट तुटणाऱ्या गावच्या शिक्षकास हे निराळे सांगावयास नको. अलीकडे हवामान तापू लागल्यामुळे बर्फ उशिरा धरते व लवकर सुटते. वडीलधाऱ्यांनी शिकविलेल्या खुणांवर पूर्वीसारखा भरवसा ठेविता येत नाही.

पेंग्विनविषयी एकच वाक्य पुरे: तो दक्षिण गोलार्धातील पक्षी आहे, ध्रुवीय अस्वल उत्तरेकडील प्राणी आहे, आणि या दोघांची गाठ केवळ चित्रांतच पडते.

आहाराचा प्रश्न थोडा नाजूक आहे, कारण कच्च्या मांसाचे नाव निघताच वर्गात नाके मुरडली जातात. शिक्षकाने तेथे क्षणभर थांबावे. ज्या भूमीत भाजीपाला उगवत नाही तेथे ‘क’ जीवनसत्त्व कोठून मिळावे? ते देवमाशाच्या कातडीत व प्राण्यांच्या काही अवयवांत असते, आणि शिजविल्याने त्याचा बराच नाश होतो. युरोपातून आलेले खलाशी त्याच समुद्रात स्कर्व्ही रोगाने दात व प्राण गमावीत असताना इन्युइट धडधाकट होते. आजही सील, रेनडियर व मासे यांची शिकार होते, आणि मिळालेले मांस नातेवाइकांत व शेजारी वाटून खाण्याची रीत टिकून आहे. त्याबरोबरच दुकानांत पीठ, दूध, फळेही मिळतात. पण ती विमानाने आलेली असल्यामुळे त्यांच्या किमती कॅनडाच्या दक्षिण भागापेक्षा फारच अधिक असतात, आणि शिकारीची साधने व इंधन परवडत नसलेल्या घरांत पोटभर अन्नाची चिंता असते. हे दारिद्र्य मुलांपासून लपवू नये, तसेच त्याचे कारण थंडी आहे असेही सांगू नये.

कोणी म्हणेल, दूर देशीच्या लोकांविषयी चार चुकीच्या समजुती राहिल्या तर बिघडले कोठे? याचे उत्तर १९५३ सालच्या एका घटनेत आहे.

हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर, ५८ अंश अक्षांशाच्या आसपास, इनुकजुआक नावाची इन्युइट वस्ती आहे. तेथे शिकार कमी झाली आहे व लोक सरकारी मदतीवर अवलंबून राहू लागले आहेत, असे कॅनडाच्या सरकारी अधिकाऱ्यांचे मत झाले. उत्तरेकडील निर्जन बेटांवर आपला ताबा दाखविण्याचाही सरकारचा हेतू होता, असे पुष्कळ अभ्यासकांचे म्हणणे आहे. १९५३ व १९५५ साली मिळून नव्वदांच्या आसपास माणसे जहाजाने उत्तरेस, जवळजवळ दोन हजार किलोमीटर दूर नेण्यात आली. त्यांत मदतीसाठी म्हणून पाँड इनलेट या दुसऱ्या वस्तीतील काही कुटुंबेही होती. बर्फातली माणसे बर्फात कोठेही राहतील, ही समजूत त्यामागे होती. सर्वांना एकत्र ठेवू असे त्यांना वाटू दिले. पण त्यांची फाटाफूट करून काहींना ग्रीज फिओर्डकडे व काहींना रिझोल्यूटला उतरविणार, हे त्यांना जहाजावर असतानाच कळले. दोन वर्षांनी परत यावयाचे असल्यास आणू, असे वचन दिले होते. ते पाळले गेले नाही.

ज्या गावी हिवाळ्यातही रोज सूर्य उगवतो तेथून आलेली ही माणसे महिनोन्‌महिने सूर्य न दिसणाऱ्या ठिकाणी उतरली. त्यांच्या गावी मिळणारे पक्षी, मासे व बोरे येथे नव्हती. येथील प्राण्यांच्या वाटा त्यांना ठाऊक नव्हत्या. कस्तुरी-बैलाच्या शिकारीस तर कायद्याने बंदी होती. हिमाचे घर बांधण्याजोगे हिम आरंभी मिळेना, म्हणून पहिला हिवाळा तंबूंत काढावा लागला. ग्रीज फिओर्डचे इन्युइट नाव ‘कधीही न वितळणारी जागा’ अशा अर्थाचे आहे, आणि रिझोल्यूटचे ‘जेथे पहाट होत नाही ती जागा’ अशा अर्थाचे. नकाशावर ही दोन ठिकाणे दाखविताना त्यांच्या नावांचे अर्थ मुलांस अवश्य सांगावे. काही जणांना परत जाता आले ते १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस. १९९६ साली सरकारने या कुटुंबांसाठी १ कोटी डॉलरचा निधी दिला आणि ऑगस्ट २०१० मध्ये त्यांची जाहीर क्षमा मागितली. घेऊन जाणारे अधिकारी सर्वच दुष्ट होते असे म्हणता येणार नाही. त्यांच्या मनात ‘एस्किमो’ या जातीचे एक चित्र होते आणि त्या चित्रात गाव नव्हते, आप्त नव्हते, आवडीनिवडी नव्हत्या.

याच काळातील दुसरी गोष्ट शिक्षकांस अधिक जवळची वाटेल. इन्युइट लोकांत आडनाव नसे. नुकत्याच निवर्तलेल्या आप्ताचे वा स्नेह्याचे नाव बाळास देत, आणि नावाबरोबर नातेही बाळाकडे येई. आईच्या वडिलांचे नाव मुलास ठेविले असेल तर आई त्या मुलास ‘बाबा’ म्हणूनही हाक मारी. सासऱ्याचे नाव मुलास ठेविल्यावर सुनेने त्यास त्या नावाने हाक मारावयाची नाही, ही आपल्याकडील जुनी चाल ज्यांस माहीत आहे त्यांस यातील भाव कळेल. सरकारी नोंदवह्यांत मात्र ही नावे बसेनात. म्हणून १९४१ पासून प्रत्येकास क्रमांक कोरलेला एक लहान वाटोळा बिल्ला देण्यात आला व तो गळ्यात बाळगावयास सांगण्यात आले. कित्येक वर्षे सरकारी कागदांत माणसाची ओळख तो क्रमांक हीच होती. पुढे १९७० च्या सुमारास एब ओकपिक या इन्युइट गृहस्थांनी वस्तीवस्तीतून फिरून कुटुंबांस स्वतःची आडनावे निवडण्यास साहाय्य केले आणि बिल्ल्यांची पद्धत बंद पडली. शाळांचाही इतिहास दुःखद आहे. मुलांस घरापासून दूर वसतिगृहांच्या शाळांत नेऊन ठेवीत. तेथे मातृभाषेत बोलल्याबद्दल शिक्षा होई. या धोरणाबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी जून २००८ मध्ये संसदेत क्षमा मागितली. आज नुनावुतमध्ये इन्युइट भाषा ही राजभाषांपैकी एक असून प्रारंभीच्या इयत्तांत तीतून शिकविण्याचा प्रयत्न चालू आहे. त्या भाषेत शिकविणारे शिक्षक पुरेसे नाहीत, ही तेथील मोठी अडचण.

या भाषेत हिमाला शेकडो शब्द आहेत, असे एक विधान वाचनात येते. ती भाषा एका मूळ शब्दास प्रत्यय जोडीत जोडीत सबंध वाक्याएवढा शब्द बनविते; अशा रीतीने हिमाचेच काय, कशाचेही असंख्य शब्द होतील. मूळ शब्द अनेक आहेत, पण त्यात नवल नाही. वळीव, झड, सर, भुरभुर, रिपरिप, मुसळधार हे भेद आपला शेतकरीही करतोच.

लिपीचा भाग वर्गात अवश्य घ्यावा, कारण मुले त्यात रमतात. पूर्व नुनावुतमध्ये ही भाषा एका अक्षरलिपीत लिहितात. १८४० च्या सुमारास जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने ती मूळ क्री नावाच्या लोकांच्या भाषेसाठी तयार केली आणि पुढे इतर मिशनऱ्यांनी ती इन्युइट भाषेस लावली. इव्हान्सपुढे लघुलिपीबरोबरच आपल्या देवनागरीचाही नमुना होता, असे काही अभ्यासकांचे मत आहे. आपण ‘प’ या अक्षरास वेलांटी वा उकार देतो. तेथे अक्षरच फिरवितात. एक साधा कोन काढावा. त्याचे टोक वर असेल तर ‘पि’, उजवीकडे असेल तर ‘पु’, डावीकडे असेल तर ‘प’. आपण अक्षराचा पाय मोडतो त्या ठिकाणी ते अक्षर लहान करून वर लिहितात. ही तीन अक्षरे फळ्यावर काढून मुलांकडून वाचवून घेण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

गृहपाठास चित्र काढावयास सांगण्याऐवजी पुढील काम द्यावे असे सुचवितो. नुनावुतमध्ये जड सामान जहाजाने येते आणि बर्फ सुटलेले असते त्या जुलै ते ऑक्टोबरच्या काळातच जहाज येऊ शकते. त्यावेळी जे मागविले तेच पुढील उन्हाळ्यापर्यंत पुरवावयाचे. राहिलेली वस्तू विमानाने, अनेकपट दाम मोजून. प्रत्येक मुलाने घरी आईजवळ बसून आपल्या घरास वर्षभर लागणाऱ्या मिठाची, तेलाची, साबणाची, काड्यापेट्यांची व वह्यांची मोजदाद करून यादी आणावी. दुसऱ्या दिवशी दोन-तीन याद्या वर्गात वाचाव्या आणि कोण काय विसरले ते मुलांनीच एकमेकांस दाखवावे.